काचेतलं पाणी

१

इस्तारी शेंडे मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात ठळक अक्षरांत आलं: 'मद्यधुंद कामगारामुळे ऐतिहासिक इंजिनात स्फोट'. तेव्हा त्याचं शवविच्छेदनसुद्धा झालं नव्हतं.

सहायक पोलीस निरीक्षक रिना आत्रामने तो पेपर ठाण्यातच वाचला आणि घडी करून टेबलावर आपटला. समोर ठाणेदार साहेब चहा पीत होते.

"अपघाती मृत्यूची नोंद करून आजच अहवाल पाठवा," ते म्हणाले. "रविवारी मंत्री येतायत उद्घाटनाला. मुंबईहून दोनदा फोन आलाय."

"माणूस दारू प्यायला होता हे पेपरवाल्यांना कोणी सांगितलं, सर?"

"संग्रहालयाचे संचालक ठेंगणे म्हणतात, तोंडाला वास येत होता. तुम्ही जागा बघून या. फार खोलात जाऊ नका."

मूल गावापासून चंद्रपूरकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला ते नवं रेल्वे संग्रहालय होतं. सगळं सरकारी पैशातून उभं राहिलेलं. तिथलं मुख्य आकर्षण म्हणजे जंगलातून सागवान ओढून आणणारं एक छोटं वाफेचं इंजिन. वन विभागाच्या डेपोत कित्येक वर्षं ते कडुलिंबाखाली गंजत पडलं होतं. त्याला पुन्हा चालतं करायचं काम दोन वर्षं चाललं होतं. बॉयलरचं काम जाणणारा माणूस म्हणून इस्तारीला घेतलं होतं. कागद गिरणीच्या बॉयलरवर त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

संचालक प्रवीण ठेंगणे फाटकातच उभे होते. गोरे, नीटनेटके, आवाज मऊ. डोळे सुजलेले.

"दोन वर्षांची तपश्चर्या गेली हो, मॅडम," ते म्हणाले. "महाराष्ट्रात असं इंजिन दुसरं नाही."

माणसाबद्दल ते काहीच बोलले नाहीत, हे रिनाच्या ध्यानात आलं.

शेडकडे जाताना त्यांनी सगळं समजावून सांगितलं. भट्टीत कोळसा जळतो. भट्टीच्या छतावर कायम पाणी असावं लागतं, नाहीतर छताचा पत्रा तापून मऊ पडतो. छतात शिशाचं एक बूच असतं. पाणी छताच्या खाली गेलं की बूच वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून आग विझवते. "इस्तारीनं पाण्याकडे लक्षच दिलं नाही. कोळसा टाकत राहिला. बूच वितळलं, शेजारचा पत्राही फाटला आणि सगळी वाफ भट्टीच्या दारातून त्याच्या अंगावर आली. फावडं शेजारीच पडलं होतं."

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"फाटकावर. मंडपवाल्याच्या शेजारी उभा होतो. स्पीकरची चाचणी चालू होती. आवाज झाला तसा धावलो. सगळ्यांत आधी मीच पोचलो."

इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला उद्घाटनासाठी नवी हिरवळ लावली होती. तिचा एक मोठा पट्टा पंख्यासारखा पिवळा पडला होता.

"हे काय झालं?"

"ऊन हो. एप्रिलमधलं चंद्रपूरचं ऊन."

रिना लोखंडी पायऱ्यांवरून वर चढली. चालकाच्या जागेत अजून ओल्या राखेचा वास होता. भिंतीला खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येक खुंटीखाली सुबक अक्षरांत हत्याराचं नाव. फावडं पोलिसांनी जप्त केलं होतं, बाकीची लांब दांड्याची हत्यारं ताज्या काळ्या रंगात आपापल्या जागी टांगलेली. ठेंगणे खालूनच म्हणाले, "त्या पाट्या मीच लिहिल्यात."

तिचं लक्ष समोर गेलं. बॉयलरच्या तोंडावर बोटभर जाडीची एक उभी काचेची नळी होती. वर एक पितळी तोटी, खाली एक.

"हे काय?"

"पाण्याची काच. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. काचेचं खालचं टोक भट्टीच्या छताच्या वर असतं. म्हणजे काचेत थोडं जरी पाणी दिसलं तरी छत सुरक्षित."

रिना वाकून काचेकडे बघत राहिली. मग तिने खाली उभ्या शिपायाला हाक मारली. "इथे पहारा बसवायचा. आत कोणी चढायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. संचालकांनीसुद्धा नाही."

काच अर्धी पाण्याने भरलेली होती.

२

गोकुळा शेंडे मूलच्या बाजारात मासे विकायची. दुसऱ्या दिवशी रिना तिच्याकडे गेली तेव्हा ती तलावाकाठच्या आपल्या घरी ओट्यावर बसली होती. रडत नव्हती. तिच्या मांडीवर तोच पेपर होता.

"हे कोनं लिवलं ते मले दाखवा, बाई," ती म्हणाली. "त्यायच्या तोंडाले बारा वर्सांत दारू नाई लागली. बल्लारपूरले कामावर होते तवा सोडली. आता गावातले पोट्टे मले पाहून गप होऊन राह्यले. काल एका बुढ्यानं मले इचारलं, रोजच पेत होता का जी."

"मी त्याचसाठी आले," रिना म्हणाली. "शेवटचे काही दिवस ते कसे होते?"

"झोपत नव्हते. म्हने, गोकुळा, त्या भट्टीत नवा तांब्याचा पत्रा लावला म्हून सांगून राह्यले, अन् पत्रा जुनाच हाये. घासून पुसून, नवे रिबीट मारून बसवला. मी बोटानं वाजवून पाह्यला, पातळ हाये. मी म्हन्लं, तुमाले काय करा लागते, चूप राहा. तर मायावरच चिडले. म्हने, नागपूरचा बॉयलरचा सायेब येऊन राह्यला तपासाले, त्याले मी हात धरून भट्टीत नेतो."

"कधी यायचे होते ते?"

"आज."

रिनाने मनात हिशेब मांडला. आज जर भट्टीत साहेब उतरले असते तर त्यांना जुना, पातळ पत्रा दिसला असता. आता तिथे एक जळालेला, फाटलेला पत्रा होता. जळालेल्या पत्र्याला तू नवा होतास की जुना, हे कोण विचारणार?

"हे त्यांना माहीत होतं, असं अजून कोणाला ठाऊक होतं?"

"त्यायचा सभावच तसा. ठेकेदाराच्या तोंडावर बोलले. संग्रहालयाच्या सरलेबी सांगतलं. दसरूले तर रोजच." गोकुळाने पहिल्यांदाच रिनाच्या डोळ्यांत पाहिलं. "एक गोष्ट मले समजत नाई, बाई. दसरू त्यायचा जोडीदार. इंजिनावर दोघं संगंच राहत. मंग दसरूच्या अंगावर एक फोड नाई काऊन?"

३

दसरू दोन दिवस घराबाहेर पडला नव्हता. पन्नाशीचा, अंगाने रोड माणूस. रिनाला पाहून तो खाटेवरून उठला आणि उभाच राहिला.

"मी त्याच्या बाजूलेच होतो, मॅडम. थो कोळसा टाकत होता. मी म्हन्लं, पानी पाहा. थो आयकलाच नाई."

"बाजूला होतास?"

"हो जी."

"हात दाखव."

दसरूने हात पुढे केले. स्वच्छ होते.

"ज्या वाफेनं इस्तारीभाऊची कातडी निघाली, ती तुला शिवलीसुद्धा नाही," रिना म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण दसरूची बायको स्वयंपाकघराच्या दारातून मागे सरकली. "त्याची बायको ओट्यावर बसून विचारते आहे की दसरू कसा वाचला. तिला काय सांगू?"

दसरू खाली बसला.

"अंकुश भाऊनं सांगतलं असंच सांग म्हून," तो शेवटी म्हणाला. अंकुश बोरकुटे म्हणजे दुरुस्तीचा ठेकेदार. "आमी दोघंबी इंजिनावर नव्हतो. वाफ चांगली बनली होती, आग चांगली होती. इस्तारीनं पानी पाह्यलं, बराबर होतं. तवा अंकुश भाऊनं आमाले हापिसात बलावलं. कागद होता. नवा पत्रा आमच्या समोर लागला, असं लिवलं होतं. सही करा म्हने."

"आणि?"

"इस्तारी भडकला. दोघांचं लय भांडन झालं. अंकुश भाऊ दारात आडवा झाला, जाऊ देईना. इस्तारी म्हने, इंजिन सुनं हाये, मले जाऊ दे. शेवटी त्याले ढकलून निंगला. जाता जाता मायाकडं पाह्यलं." दसरूने तोंड फिरवलं. "मी तितीच राह्यलो, मॅडम. मी सही केली. मांगून आवाज झाला."

रिना विचारात पडली. रिकाम्या बॉयलरच्या काचेत पाणी होतं, म्हणजे कोणीतरी काचेच्या तोट्या बंद करून ते अडकवलं होतं; इथे येईपर्यंत तिला खात्री होती की हे ठेकेदाराचं, अंकुशचं काम. पत्र्याची चोरी त्याची, भीती त्याची. पण तो तर सगळा वेळ ऑफिसच्या दारात इस्तारीची वाट अडवून उभा होता.

"तू धावत गेलास तेव्हा काय दिसलं?"

"थो खाली पडला होता. बाजूले फावडं. लोक जमले होते, सर होते, मंडपवाले होते." तो थांबला. "एक गोष्ट मनातून जाऊन नाई राह्यली. थो कोळसा टाकत होता म्हनतात. पन इंजिनाखालच्या खड्ड्यात जळता कोळसा पडला होता. ढीग. कोळसा टाकनाऱ्याची आग भट्टीत राहते, मॅडम. खाली काऊन पडंन?"

रिना तशीच संग्रहालयात परत गेली. इंजिनाखालच्या खड्ड्यात अर्धवट जळलेल्या कोळशांचा ढीग खरोखरच होता. मग ती वर चढली आणि खुंट्यांवरचं एकेक हत्यार उतरवून उजेडात धरलं. सगळी उद्घाटनासाठी नव्याने रंगवलेली. पण आग ओढायच्या लांब दांड्याच्या टोकाचा रंग फोड येऊन जळाला होता. रंग दिल्यानंतर तो दांडा भट्टीत गेला होता.

इस्तारी आग भरत नव्हता. आग बाहेर ओढत होता. त्याला कळलं होतं.

आणि तो मेल्यावर कोणीतरी त्याच्या हातातला दांडा काढून जागच्या जागी टांगला, आणि शेजारी फावडं ठेवलं.

४

"मॅडम, मेरा टाइम खराब मत करो," अंकुश बोरकुटे म्हणाला. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, बोलताना तो एका गालातून दुसऱ्या गालात जात होता. "दसरूनं सांगतलं ना, मी हापिसात होतो? मंग संपलं."

"पत्रा जुना होता."

"कोन म्हनते? मेलेला माणूस?"

"दांडा कोणी टांगला?"

"कोनता दांडा?" तो खरोखरच गोंधळला. "हे पाहा, तुमी लहान अधिकारी हाये. रविवार जाऊ द्या. कोरपन्याले सिमेंट कारखान्याच्या बाजूनं माई चार कामं चालू हायेत, सगळ्यायची वळख हाये मले. तुमची बदली सिरोंच्याले व्हायला किती वेळ लागते?"

"सिरोंच्याला माझी मावशी राहते," रिना म्हणाली. "आनंदाने जाईन. पण आधी तुमचं आटोपून."

बाहेर येताना तिने दार आपटलं. त्या माणसाने 'मेलेला माणूस' हे शब्द खर्ऱ्यासोबत चघळले होते.

मंडपवाला चैतू आपल्या गोदामात कापडाच्या थानांवर बसला होता. साधा, बोलका माणूस.

"सर तुमच्याजवळ होते का त्या वेळी?" रिनाने विचारलं.

"होते ना जी. येऊन जाऊन होते. सकाळपासून दहा खेपा झाल्या असतीन."

"स्पीकर फार मोठ्याने लावले होते म्हणे."

"मी नाई लावले, मॅडम. मी तर हळूच वाजवत होतो. सरचा फोन आला, आवाज फुल करा म्हने, मंत्र्याच्या दिवशी मांगपर्यंत आयकू गेलं पायजे. मंग केला फुल. मायेच कान फाटून राह्यले होते. त्या पोरीयचा नाच बी तितून हलवा लागला."

"कोणत्या पोरी?"

"आश्रमशाळेच्या. उद्घाटनाले रेला नाच बसवला ना त्यायचा. तालीम फाटकाजवळ होती. आवाजानं त्यायच्या मास्तरनीले सांगताच येईना, म्हून घेऊन गेली पोरीयले दुसरीकडं."

"कुठे?"

"इंजिनाजवळ. तिथल्या फलाटावर."

रिना थानावर बसली. पंचनाम्यात, जबाबांत, पेपरात, कुठेही या मुलींचा उल्लेख नव्हता.

"त्या गेल्या कुठे?"

"धमाका झाला तशी मास्तरनीनं बसमधी बसवलं अन् घेऊन गेली सिधी गडचिरोलीकडं. कोनी इचारलंबी नाई त्यायले."

५

आश्रमशाळा धानोऱ्याच्या पुढे जंगलात होती. मोहाची फुलं वेचायचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांखाली बाया वाकलेल्या. वाटेत ठाणेदारांचा फोन आला.

"अहवाल कुठाय?"

"अजून एक जबाब राहिला आहे, सर."

"रिना, मी तुला सांगितलं होतं."

"सर, त्या फलाटावर मुली होत्या. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मग फोन कापला गेला.

नंतर तिने स्वतः नागपूरला एक फोन लावला. इस्तारी ज्यांना भट्टीत नेणार होता आणि स्फोटानंतर ज्यांचं येणं रद्द झालं होतं, त्या बॉयलर तपासणी अधिकाऱ्यांना. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मी रविवारी सकाळी येतो. काचेला कोणालाही हात लावू देऊ नका."

शाळेच्या आवारात मुली गोल करून बसल्या. आठवीतली दिव्यानी उठून उभी राहिली.

"आम्ही नाचत होतो. इंजिनाच्या पलीकडून पांढरा धूर निघत होता, जमिनीवरून. आम्हाला वाटलं, इंजिन असंच करते. स्पीकर इतका मोठा होता की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मग थोड्या वेळानं धूर बंद झाला."

"तेव्हा इंजिनावर कोणी होतं?"

"पलीकडच्या बाजूचं दिसत नव्हतं. नंतर ते बाबा धावत आले. वर चढले. काचेकडे पाहिलं. मग पलीकडं वाकून जमिनीकडं पाहिलं. आणि एकदम आमच्यावर ओरडले, हटा, मांगं जा, पळा सगळ्या. आम्ही घाबरलो. बाई म्हणाल्या, अहो, ओरडता कशाला. त्यांनी कोळशाचा एक तुकडा उचलून आमच्याकडे फेकून मारला. तेव्हा पळालो."

"त्यांच्या हातात काय होतं?"

"लांब लोखंडी दांडा. मी मागं वळून पाहिलं. ते भट्टीतून आग ओढून खाली पाडत होते. जोरजोरात." दिव्यानी थांबली. "ते का नाही पळाले, मॅडम?"

रिनाने ते नागपूरच्या साहेबांना विचारलं होतं. पाणी उतरलं हे कळल्यावर माणूस पळू शकतो. पण भट्टीत आग तशीच राहिली तर सगळं छत खाली येऊ शकतं, आणि मग बॉयलर बॉम्बसारखा फुटतो. फलाट, शेड, माणसं, काही उरत नाही. आग काढून टाकली तर पत्रा फार तर एका जागी फाटतो. आग काढणारा मात्र दारासमोर उभा असतो.

"तुम्ही लांब जाईपर्यंत त्यांना थांबायचं होतं," ती म्हणाली.

मागच्या रांगेतल्या एकीने गोंडीत काहीतरी विचारलं. रिनाला गोंडी येत होती. ती विचारत होती, त्या बाबांना लोक दारुडा का म्हणतात.

६

रविवारी सकाळी फाटकावर झेंडूच्या माळा होत्या. मंत्र्यांच्या गाड्या यायला अवकाश होता. शेडमध्ये रिना, ठाणेदार, नागपूरचे तपासणी अधिकारी, प्रवीण ठेंगणे आणि अंकुश बोरकुटे होते. दोन पंच आणि चित्रण करायला एक शिपाई. दसरू दारात उभा होता.

"लवकर उरका," ठाणेदार म्हणाले.

"हो, सर." रिना इंजिनाकडे वळली. "ठेंगणे साहेब, बूच कधी वितळतं?"

"पाणी छताच्या खाली गेलं की. सांगितलं ना मी."

"आणि काचेत अर्धं पाणी दिसत असेल तर?"

"तर पाणी छताच्या बरंच..." ठेंगणे थांबले.

"बरंच वर. बूच वितळलं आहे, आणि काच अर्धी भरलेली आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. साहेब, दाखवा."

तपासणी अधिकारी वर चढले. शिपायाने कॅमेरा धरला. त्यांनी काचेच्या वरच्या तोटीला हात लावला. "ही बंद आहे." मग खालची. "हीसुद्धा." त्यांनी दोन्ही उघडल्या. काचेतलं पाणी क्षणभर थरथरलं आणि सरकन खाली उतरून गेलं. नळी कोरडी झाली.

"स्फोटाच्या वेळी आत एवढं पाणी नव्हतंच," रिना म्हणाली. "काचेत होतं ते अडकवून ठेवलेलं. इस्तारीने ऑफिसात जाण्यापूर्वी पाहिलं तेव्हा पाणी खरं होतं. तो गेल्यावर कोणीतरी तोट्या बंद केल्या. मग बॉयलरच्या बुडाची, पाणी सोडायची तोटी उघडली. उकळतं पाणी पलीकडच्या हिरवळीवर गेलं. ती उन्हाने जळली नाही. ऊन पंख्याच्या आकारात पडत नाही."

"त्याला फार मोठा आवाज होतो," तपासणी अधिकारी म्हणाले. "अर्धा किलोमीटरवर ऐकू जाईल."

"म्हणून स्पीकर फुल करायला लावले."

ठेंगण्यांनी रुमालाने मान पुसली. "मी मंडपवाल्याच्या शेजारी उभा होतो. त्याला विचारा."

"विचारलं. तुम्ही त्याला फोन करून आवाज वाढवायला सांगितलात. चैतूच्या फोनवर तो कॉल आहे, स्फोटाच्या थोडा आधीचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कोणी फोन करत नाही, ठेंगणे साहेब. तुम्ही त्या वेळी इथे होतात."

रिनाने वरच्या खुंट्यांकडे बोट केलं.

"नंतर तुम्हीच आधी पोचलात, हे तुमच्याच तोंडून ऐकलं. इस्तारी आग ओढत होता. दांडा त्याच्याजवळ पडलेला असता तर पहिल्याच माणसाने विचारलं असतं, की आग का ओढत होता, त्याला काय कळलं होतं? म्हणून दांडा उचललात आणि फावडं ठेवलंत. दांडा कुठेही फेकता आला असता. पण तुम्ही तो नाव लिहिलेल्या खुंटीवर टांगलात. हाताची सवय. दसरू, कामाच्या दिवशी तुम्ही हत्यारं कुठे ठेवता?"

"कोळशाच्या ढिगाले टेकवून," दसरू दारातून म्हणाला. "खुंटीवर फक्त पाहुने आले का."

अंकुशने खर्रा थुंकला. त्याचा चेहरा उतरला होता. "मले काई म्हाईत नव्हतं," तो घाईने म्हणाला. "सरनं सांगतलं, त्याले थोडा वेळ हापिसात गुतवून ठेव. म्हने, सही झाली तर ठीक, नाई झाली तरी चालते, मी बंदोबस्त करतो. मी समजलो, समजावून सांगतीन. पत्र्याचं हो, ते आमचं दोघांचं होतं. मानूस मारायचं मायं काई नव्हतं."

"माझंही नव्हतं." ठेंगणे पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. आवाजातला मऊपणा गेला होता. "बूच वितळलं की आग विझते. सगळ्या पुस्तकांत तसंच आहे. पत्रा जळला असता, इंजिन कायमचं उभं राहिलं असतं, लोकांनी नुसतं पाहिलं असतं. एवढंच. कोणाला काही होणार नव्हतं. पत्रा फाटेल हे मला कसं कळणार?"

"कारण तो पातळ होता हे तुम्हाला माहीत होतं," रिना म्हणाली. "इस्तारीने तुम्हाला सांगितलं होतं. नवा पत्रा असता तर तुमच्या पुस्तकाप्रमाणे झालं असतं. नवा पत्रा तुम्हीच लावू दिला नाहीत."

ठेंगणे रुमालाची घडी घालू लागले.

"फलाटावर मुली होत्या. तुम्ही पलीकडच्या बाजूने खाली उतरलात तेव्हा दिसल्या?"

"त्या फाटकाजवळ असायला हव्या होत्या."

"दिसल्या की नाही?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, जातील त्या."

रिनाने आजवर खुनी पाहिले होते, चोर पाहिले होते, बायकोला मारून झोपलेले नवरे पाहिले होते. एवढा संताप तिला कधी आला नव्हता. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, कारण ते मोकळे ठेवायची तिला भीती वाटली.

"तुम्ही त्यांना पाहिलंत आणि निघून गेलात," ती म्हणाली. "तो आला आणि थांबला. मग तुम्ही परत आलात, त्याच्या प्रेताशेजारी फावडं ठेवलंत आणि पेपरवाल्याला सांगितलंत की वास येत होता."

ठाणेदारांनी टोपी काढून हातात घेतली होती. बाहेर पायलट गाडीचा भोंगा ऐकू आला. ते शिपायाकडे वळले.

"फाटक बंद कर," ते म्हणाले. "साहेबांना सांग, आज उद्घाटन नाही. दोघांना गाडीत घाला. पुढच्या दारानेच न्या, लोकांसमोरून."

७

पेपरने खुलासा छापला. पाचव्या पानावर, कापसाच्या भावाखाली, चार ओळी. त्यांत इस्तारीचं नाव चुकीचं होतं.

रिना ते कात्रण घेऊन गोकुळाकडे गेली. डॉक्टरांचा अहवालही सोबत होता. रक्तात दारूचा अंश नव्हता. गोकुळाने दोन्ही कागद पाहिले आणि परत दिले.

"मले कागद नको, बाई. वाईट लिवलं ते पयल्या पानावर होतं. साऱ्या गावानं वाचलं. हे कोनं वाचलं?"

"मी काय करू, सांग."

"गावात या. उद्या सकाळी तलावाच्या पाळीवर सारे राहतीन, मासोळ्या काढाचा दिवस हाये. तुमच्या तोंडानं सांगा. वर्दी घालून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिना तलावाच्या पाळीवर, बांधावर गेली. जाळी ओढून झाली होती. टोपल्यांत रोहू आणि मरळ तडफडत होते, वजनकाटा लावलेला होता, मूलचे व्यापारी आले होते. बाया, माणसं, गावातली सगळीच जमलेली. ज्या म्हाताऱ्याने गोकुळाला 'रोजच पेत होता का' असं विचारलं होतं, तोही पागोटं बांधून एका दगडावर बसला होता. वर्दीतल्या बाईला पाहून बोलणी थांबली.

गोकुळा तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हाताला माशांचे खवले.

रिनाने सांगितलं. पत्र्याचं सांगितलं, सही मागितल्याचं सांगितलं, तोट्या कोणी बंद केल्या ते नावासकट सांगितलं. मग म्हणाली, "इस्तारीभाऊ दारू प्यायले नव्हते. त्यांना पळता आलं असतं. समोर अठरा पोरी होत्या, म्हणून ते पळाले नाहीत. त्यांनी आधी पोरींना हाकललं आणि मग आग काढत राहिले. आज त्या अठराच्या अठरा जिवंत आहेत."

दगडावरच्या म्हाताऱ्याने मान खाली घातली. एका व्यापाऱ्याने काट्याकडे हात नेला आणि परत घेतला.

रिनाला वाटलं, झालं. ती वळली.

गोकुळाने तिचा दंड धरला. तिची बोटं थंड आणि ओली होती, आणि पकड इतकी घट्ट की रिनाला ती सोडवता आली नसती.

"अजून एकदा सांगा," गोकुळा म्हणाली. "जोरानं सांगा. मांगच्यायले आयकू नाई आलं."